चढलेला दात

दुसऱ्याच्या तोंडात काय आहे हे बघण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला स्वतःचं तोंड कधी मिटावं एवढं तरी कळायला हवं होतं. दातवाल्या बाईंना ते तेविसाव्या वर्षी कळलं नाही. त्रेसष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली.

दातवाल्या बाई म्हणजे कवळ्या करणाऱ्या बाई. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे त्यांची एक लांबट खोली होती. खिडकीखाली टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर शे-दोनशे माणसांचे प्लास्टरचे जबडे. नवखा माणूस आत आला की दचकायचा. बाई म्हणायच्या, "घाबरू नका, यातलं एकही चावत नाही."

तर गोष्ट अशी, की चाळीस वर्षांपूर्वी बाईंनी आपल्या थोरल्या भावाशी एक वाद घातला होता आणि तो जिंकला होता. दादा शाळेत भूमिती शिकवायचे. सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचं नाही हा त्यांचा बाणा. पण मेल्यानंतर माणूस कुठेतरी असतो, एवढी एक गोष्ट त्यांनी सिद्धतेविना पदरी बाळगली होती. धाकट्या बहिणीने ती पकडली. तीन रात्री जेवणाच्या टेबलावर वाद चालला. वहिनी मधून मधून म्हणायच्या, "मेल्यावर काय होतं ते तुम्ही बहीण-भाऊ ठरवा. तोवर ही भाजी संपवा, ती काही उद्यापर्यंत राहायची नाही." तिसऱ्या रात्री दादांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "मान्य. मेल्यानंतर काही नाही." एखाद्या मास्तरने भर वर्गात चूक कबूल करावी तसे सरळ म्हणाले. बाईंना त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

आणि आता सात महिन्यांपूर्वी वहिनी गेल्या. अडुसष्टाव्या वर्षी, चार दिवसांच्या आजारात, ध्यानीमनी नसताना.

दादा रडले नाहीत. त्यांनी एवढंच केलं, की घरी परत आल्यावर तोंडातली कवळी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. तेव्हापासून दुधात भिजवलेला पाव खायचे, तोही कुणी पुढे ठेवला तर. मूल-बाळ नव्हतं, पुढे ठेवायला रोज बाई जायच्या, नाहीतर शेजारच्या काकू. सात महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं. शर्टाच्या कॉलरमध्ये मान अशी हलायची, की बाईंना बघवत नसे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "आजार काही नाही. पण असंच चाललं तर पुढचं वर्ष ते बघतील असं मला वाटत नाही."

"नवी कवळी करते, दादा," बाई म्हणायच्या.

"कशाला?"

"खायला!"

"खाऊन?"

"जगायला."

"आणि मग?" दादा शांतपणे म्हणायचे. "तूच सिद्ध केलं होतंस ना? पुढे काही नाही. ती कुठेही नाही. मग आज काय, दहा वर्षांनी काय. उत्तर शून्यच येणार असेल तर एवढी लांबलचक आकडेमोड कशाला?"

लोकांना दात बसवून देणाऱ्या बाईंची भावापुढे दातखिळी बसायची.

शेजारच्या काकूंना मात्र उपाय ठाऊक होता. त्या म्हणाल्या, "अगं, सांगून टाक ना त्यांना, ती वरून बघतेय म्हणून. तुमची वाट बघतेय, पण तुम्ही असे उपाशी राहता म्हणून रडतेय म्हणावं. तुझं काय जातंय?"

बाईंचं खूप काही जात होतं. पण अकरा किलो हा आकडा डोळ्यांपुढून हलेना. शेवटी एका सकाळी पाव भिजवता भिजवता, भावाकडे पाठ करून, त्या म्हणाल्या, "दादा, हल्ली मला वाटतं, आपलं तेव्हा चुकलं. वहिनी असतील कुठेतरी."

मागून दादांचा आवाज आला.

"कशावरून?"

"असंच. वाटतं."

"वाटतं हे कारण तू मला कधी चालू दिलं होतंस?"

बाई वळल्या नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. लहानपणीही खोटं बोलताना ते तसे व्हायचे, आणि हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ते सगळे म्हणजे आता एक दादाच उरले होते.

"चिमणे," दादा म्हणाले. हे नाव त्यांनी कित्येक महिन्यांत घेतलं नव्हतं. "तू माझ्यासाठी खोटं बोलायला लागलीस, म्हणजे माझी अवस्था फारच वाईट दिसत असणार. येतो मी माप द्यायला. पण पुन्हा असलं काही बोलू नकोस. तुला जमत नाही."

अशा रीतीने दादा दवाखान्यात आले. डॉक्टरांनी जबड्यांची मापं घेतली. पुढचं काम बाईंचं होतं, आणि ते त्यांनी असं केलं, की बेचाळीस वर्षांत तसं कुणाचं केलं नव्हतं. एकेक दात निवडायला अर्धा अर्धा दिवस. रंग किंचित पिवळसर, वयाला शोभेल असा. वरचे समोरचे सहा दात त्यांनी मेणात असे सरळ बसवले, की डॉक्टर म्हणाले, "बाई, हे माझ्याच तोंडात बसवून द्या."

तिथेच तर चूक होती, आणि बाईंनी ती जाणूनबुजून केली होती.

बावीस वर्षांपूर्वी हिरड्यांच्या दुखण्याने दादांचे सगळे दात काढावे लागले, तेव्हा पहिली कवळीही बाईंनीच केली होती. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात. मेण आहे तोवर काहीही बदलता येतं. एकदा का साचा भट्टीत गेला की संपलं. म्हणून बाईंचा एक नियम होता: चाचणीला घरचं माणूस हवं. आपला चेहरा आपल्याला आरशातच दिसतो, तोही उलटा. खरा चेहरा समोर बसून जेवणाऱ्याला ठाऊक असतो. त्या वेळी वहिनी आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हे कुणाचे दात आहेत? हे फार शहाणे दात आहेत. हे माझ्या नवऱ्याचे नव्हेत." दादांचा वरचा एक समोरचा दात शेजारच्या दातावर जरासा चढलेला असायचा. बाईंनी तो मोठ्या हौसेने सरळ करून टाकला होता. वहिनींनी मेण दिव्यावर ऊन केलं आणि स्वतःच्या नखाने तो दात वळवला. "हं. आता ओळखीचा वाटतोय."

यंदा बाईंनी विचार केला, आरशात तो चढलेला दात दिसला की दादांना वहिनींचं ते नख आठवेल. जखमेवर मीठ कशाला? सरळच बरे.

चाचणीच्या दिवशी सकाळी अकराला दादा आले. डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच घ्या चाचणी. मास्तर मला बघून ओठ मिटतात." बाईंनी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, मेणाची कवळी पाण्यातून काढली आणि तोंडात बसवली. गाल वर आले. सात महिन्यांनी भावाचा चेहरा परत जागेवर आल्यासारखा दिसला.

"आता आकडे म्हण," त्या म्हणाल्या. "एकसष्ट ते सत्तर."

या आकड्यांमध्ये 'स' आणि 'ष' खच्चून भरलेले आहेत. दात रेसभर पुढे-मागे असले तरी शिट्टी वाजते. म्हणून बाई सगळ्यांकडून हेच म्हणवून घ्यायच्या. न्यायाधीश असो, हमाल असो, सगळे त्या खुर्चीत बसून शाळकरी पोरांसारखे मोजायचे.

"एकसष्ट," दादा म्हणाले. "बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट." उच्चार स्वच्छ होते. "पासष्ट. सहासष्ट. सदुसष्ट. अडुसष्ट."

आणि थांबले.

बाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच चीड आली. बेचाळीस वर्षं तेच आकडे, आणि आज मात्र एकदाही सुचलं नाही की मध्ये वहिनी गेल्या ते वर्ष आहे.

"पुढे," त्या हळूच म्हणाल्या.

"पुढे कशाला?" दादा खिडकीबाहेर बघत होते. चिडून नव्हे, खरंच विचारत होते. "तू सांग. खोटं नको. काही असेल तर सांग."

बाईंनी हातातली सुरी टेबलावर ठेवली.

"तुझ्या 'कशाला'चं उत्तर मला येत नाही, दादा. चाळीस वर्षांपूर्वीही येत नव्हतं. तेव्हा मी नुसती जिंकले. मी सकाळी उठते ते, अकरा वाजता या खुर्चीत कुणीतरी बोळकं उघडून बसलेलं असतं म्हणून. याच्यावर मोठं काही मला कधी सापडलं नाही. पण एक सांगते. वहिनी आपल्या घरात चव्वेचाळीस वर्षं होत्या. त्या चव्वेचाळीस वर्षांत काहीतरी कमी होतं, आणि ते भरून काढायला पुढे आणखी एक मजला हवा, असं मला नाही वाटत. ती वर्षं पुरी होती. तू त्यांचा शून्याने गुणाकार करतोयस. असा गुणाकार तू वर्गात एखाद्या पोराला करू दिला असतास?"

बाईंना आपण फार बोललो असं वाटलं. हात रिकामे नकोत म्हणून त्यांनी आरसा उचलला आणि भावाच्या हातात दिला.

दादांनी आरशात पाहिलं. ओठ वर केले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, वर्गात फळ्यावरची आकृती तपासायचे तसे. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे कुणाचे दात आहेत?"

अगदी वहिनींचेच शब्द.

"सरळ केलेस तू," दादा म्हणाले. "पुन्हा."

"मला वाटलं, तुला त्रास होईल."

"म्हणजे हेही खोटंच." दादांनी आरसा मांडीवर ठेवला. "चिमणे, ती कुठे नाही हे मला ठाऊक आहे. ते पचवतोय मी, जमेल तसं. पण ती कधी नव्हतीच असं सांगणारं तोंड घेऊन मी कुठे जाऊ? त्या दाताची गोष्ट आता दोघांनाच माहीत आहे. मला आणि तुला. मी गेलो की तू एकटी. ती गोष्ट ठेवायला दुसरी जागाच नाही गं."

ते बोलले आणि स्वतःच त्या वाक्यापाशी थबकले. हिशेब मांडता मांडता फळ्यावर अचानक उत्तर दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी तोंडातून कवळी काढली आणि तळहातावर धरून पुढे केली.

"दिवा लाव."

बाईंनी दिवा लावला. मेण ऊन केलं. त्यांनी सुरी उचलली, पण दादांनी मान हलवली आणि कवळी स्वतःकडे घेतली. अंगठ्याचं नख दाताच्या कडेला लावून त्यांनी हलकेच दाबलं.

"एवढा?"

"मला काय विचारतोस? जेवायला रोज समोर मी नव्हते बसत," बाई म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारलाच. "पण मला आठवतं ते याहून जास्त. अजून जरा."

दादांनी अजून जरा दाबलं. मेणावर नखाची बारीक चंद्रकोर उमटली. बाई एरवी असले डाग तापवलेल्या सुरीने गुळगुळीत करून टाकायच्या. आज त्यांनी सुरी पुसून ठेवली. कवळी गार पाण्यात बुडवून परत भावाच्या तोंडात बसवली आणि समोर स्टुलावर बसल्या, घरच्या माणसाच्या जागी.

"दात हलवलाय," त्या म्हणाल्या. "पुन्हा मोजावं लागेल."

"एकसष्ट," दादा म्हणाले. "बासष्ट. त्रेसष्ट." चढलेल्या दातापाशी एक बारीकशी शिट्टी वाजली. पहिल्या कवळीतही ती वाजायची. वहिनी तिची नक्कल करून सगळ्यांना हसवायच्या. दादांच्या ओठाचा कोपरा हलला. "चौसष्ट. पासष्ट. सहासष्ट. सदुसष्ट."

बाईंनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

"अडुसष्ट." दादांनी डोळे मिटले आणि उघडले. "एकोणसत्तर. सत्तर."

चाचणी सत्तरला संपते. पुढच्या आकड्यांत तपासण्यासारखं काही नसतं. बाई ते सांगणारच होत्या, पण दादा थांबले नव्हते.

"एकाहत्तर," ते म्हणाले. आज त्यांचं वय तेवढंच होतं. त्यांनी एक श्वास घेतला.

बाईंनी, आयुष्यात प्रथमच वेळेवर, तोंड मिटून ठेवलं.

"बाहत्तर," दादा म्हणाले.