हेडलीच्या नंबराचे मासे

व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा हेडली नॅन्स धक्क्यावर बसून गळांना धार लावत होता.

"हेडली, तुझे बास मासे परत पाठवतोय," व्यापारी म्हणाला. "अंगावर जाळ्याचे वळ आहेत, खवले उडालेत. गळाचे म्हणून खपवतोस?"

"मी सोमवारपासून समुद्रावर गेलेलो नाही."

"टॅगवर तुझाच नंबर आहे. यापुढे तुझा मासा नको."

फोन बंद झाला. कॉर्नवॉलच्या त्या किनाऱ्यावर गळवाले एकेक बास दोरीने वर काढतात आणि त्याच्या कल्ल्यात आपल्या नंबराचा टॅग अडकवतात. लंडनच्या हॉटेलातल्या आचाऱ्यालाही तो नंबर पाहून मासा कुणाच्या हातचा ते कळतं. हेडलीच्या नंबराचा मासा अठरा वर्षांत एकदाही परत आला नव्हता.

मग त्याला आठवलं. दहा दिवसांपूर्वी क्लेम ट्रेगियरचे टॅग टपालाने आले नव्हते, म्हणून हेडलीनेच आपले मूठभर काढून दिले होते. टॅग कुणी कुणाला द्यायचा नसतो. पण क्लेम शेजारी उभा राहून गाणारा माणूस.

इंग्रजीत त्या माशाचं आणि गाण्यातल्या सगळ्यात खालच्या आवाजाचं नाव सारख्याच अक्षरांनी लिहितात. गावाच्या पुरुष गायकमंडळात तो खालचा आवाज, आपल्याकडचा खर्ज, हेडली आणि क्लेम दोघेच लावत. लांब सुरावर एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने सूर धरायचा. क्लेम आधी कोपर लावी, मग श्वास घेई.

त्या संध्याकाळी चॅपेलमध्ये तालीम होती. रविवारी बंदराचा उत्सव.

"काय रे, तोंड का असं?" क्लेम म्हणाला. "बायकोने जेवायला घातलं नाही वाटतं."

"गा," हेडली म्हणाला.

शेवटचा लांब सूर आला. क्लेमचं कोपर लागलं. हेडलीने तोंड मिटून घेतलं. क्लेमचा श्वास आत गेला आणि खालचा सूर धपकन नाहीसा झाला. वरचे आवाज अधांतरी लोंबकळत राहिले.

गाणं बसवणाऱ्या लव्हडेबाईंनी हात खाली घेतला. "खर्ज कुठं गेला?"

"म्हातारा झोपला, बाई," क्लेम म्हणाला. पुढच्या रांगेत हशा पिकला.

"माझा टॅग कुठल्या माशाला लावलास ते सांग यांना," हेडली म्हणाला.

हशा थांबला.

"हे इथं काढतोस?"

"इथंच."

"दोन खोकी होती फक्त." क्लेम बुटांकडे बघत होता. "इंजिन बंद पडलं होतं. भावाच्या जाळ्यातले मासे घेतले. तुझा नंबर चालतो, म्हणून..."

"चालतो म्हणून? तो कशाने चालतो, माहीत आहे तुला? इंजिनाचं मला सांगायचं होतंस. दोन दिवस तुझ्यासाठी मी होडी काढली असती. उद्या हा किनारा म्हणेल, हेडली जाळ्याचे मासे गळाचे म्हणून विकतो. लाव व्यापाऱ्याला फोन. आत्ता, सगळ्यांसमोर."

"रविवारनंतर करतो रे बाबा."

"आत्ता."

क्लेमने फोन लावला. लव्हडेबाईंनी पियानोचं झाकण मिटलं आणि स्पीकर चालू करून फोन त्यावर ठेवायला लावला. क्लेमने सगळं सांगितलं, दोनदा अडखळत. मग पलीकडून व्यापाऱ्याने विचारलं.

"हेडली तिथं आहे का?"

"आहे."

"त्याचे मासे येत्या सोमवारपासून घेतो. तुझे नाही."

क्लेमने कोट उचलला. लव्हडेबाई हेडलीकडे वळल्या. "रविवारी दोघं लागतात मला. तू म्हणतोस काय?"

"मी त्याला जा म्हटलेलं नाही. पण माझ्या शेजारी नको. त्या टोकाला उभा राहू दे, स्वतःच्या दमावर."

क्लेम कोट खाली ठेवून रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेला. एवढ्या लांबून कोपर पोचत नव्हतं. गाणं पुन्हा सुरू झालं, आणि शेवटच्या सुरात दोघांचाही दम एकाच वेळी संपला. ती फट सगळ्यांना ऐकू आली. या वेळी लव्हडेबाईंनी गाणं थांबवायला हात खाली घेतला नाही.