आठ महिने कमी

व्हिडिओ गेमच्या खोक्यावर वयाचा आकडा असतो ना, तो मी देतो. म्हणजे दिवसभर ऑफिसात बसून गेम खेळतो आणि तक्ता भरतो: मारामारी किती, रक्त दिसतं का, शिव्या कितीदा, भीती वाटावी असं काय. त्यावरून योग्य वय ठरतं. खोक्याच्या मागे कारणंही छापतात, आईबापांना दुकानात उभ्याउभ्या कळावं, पोरांच्या हातात आपण काय देतोय ते. पण वाचतंय कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

माझ्या घरात मात्र नियम म्हणजे नियम. लेक अकरा वर्षं चार महिन्यांची. तिला हवा होता तो गेम बाराचा, आणि ते बारा मीच दिलेले, कारण त्यातला जहाजाचा कप्तान दोनदा शिवी देतो. सगळ्या मैत्रिणी खेळतात, म्हणाली. खेळू देत, म्हटलं, त्यांच्या बापांना वाचता येत नसेल. तू आठ महिने थांब.

बायकोचं म्हणणं, आकडा दुकानातल्या अनोळखी माणसासाठी असतो, तुम्ही बाप आहात, बसा की पोरीशेजारी आणि खेळून बघा. झालं, माझं डोकं फिरलं. मला माझंच काम शिकवते! तीही काही ऐकून घेणारी नव्हे. जेवणाच्या टेबलावरच माझ्या सात पिढ्या निघाल्या, तिचं माहेर निघालं, एक ताट आपटलं, आणि मी जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. तसं आमचं हे नेहमीचंच. लेक अर्धं जेवण टाकून आत गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बॅग उघडली तर वरच एक तक्ता. जुन्या नमुन्याचे पाठकोरे तक्ते मी तिला गणितं सोडवायला नेऊन देतो, त्यातलाच. या वेळी तिने छापील बाजू भरली होती.

गेमचं नाव: आमचं घर. मारामारी: नाही, फक्त भांडी. शिव्या: रोज, बाबांच्या जास्त. भीती: दार आपटलं की. योग्य वय: अठरा.

आणि खाली पेन्सिलीने, 'बाबा, मला सहा वर्षं आठ महिने कमी आहेत. तोवर मी कुठे राहू?'

लाज वाटली, राग आला, पुन्हा लाज वाटली. सवयीप्रमाणे लाल पेन घेऊन तो तक्ता मी तीनदा तपासला. एकही चूक सापडली नाही.