सागवानी दांडी

रविवार, १३ जुलै २००३. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. गोरक्ष सोनवणे यांनी छताच्या पंख्याचे बेअरिंग बदलले. महिन्याभरातले हे तिसरे.

"गेला का आवाज?" स्टुलावरूनच त्यांनी विचारले.

"अहो, पंखा बंद आहे," पत्नी लताबाई म्हणाल्या. "आवाज चालूच आहे. फुस्स, फुस्स. डाव्या कानामागे."

चार वर्षांपूर्वी तिथूनच त्यांच्या डोक्यातली गाठ काढली होती. गाठ साधी निघाली, जखम भरली, सारे निर्धास्त झाले. यंदा होळीपासून मात्र हा आवाज सुरू झाला. दोन डॉक्टरांनी कान स्वच्छ ठरवले. तिसऱ्याने झोपेच्या गोळ्या दिल्या. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षे यंत्रे दुरुस्त केलेल्या गोरक्षरावांनी दोष यंत्रांतच शोधला. पंप उघडला, फ्रिजखाली रबर घातले.

"घरातलं सगळं खोलून झालं," लताबाई कडाडल्या. "मीच तेवढी उरले. आता माझंही बेअरिंग बघा!"

गोरक्षराव स्टुलावरून उतरले. हत्यारपेटीतून त्यांनी फूटभर सागवानी दांडी काढली. तिचे एक टोक चालत्या यंत्राला आणि दुसरे कानाला लावले, की आतली घरघर ऐकू येई. ती पुसून त्यांनी जुन्या व्रणाशी अलगद टेकवली.

फुस्स. फुस्स.

"लता, मलाही येतोय गं."

"चार महिने दुसरं काय सांगतेय मी?"

गोरक्षरावांनी लताबाईंचे मनगट धरून घड्याळावर ठोके मोजले आणि वहीत लिहिले. नाडी ब्याऐंशी, आवाज ब्याऐंशी.

सोमवारी हे आकडे वाचून मेंदूच्या डॉक्टरांनी व्रणामागे स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मुंबईच्या तपासणीत उलगडा झाला: शस्त्रक्रियेच्या जागी धमनी थेट शिरेला जोडली गेली होती. दाबाचे रक्त नाजूक शिरेत घुसत होते. शीर फुटली असती, तर मेंदूत रक्तस्राव. मांडीतून बारीक नळी नेऊन ती वाट बुजवायची ठरली.

साडेतीन तास गोरक्षराव बाहेर येरझारा घालत राहिले. खिडकीतल्या वातानुकूलन यंत्राचे बेअरिंग खडखडत होते. आयुष्यात प्रथमच त्यांना ते खोलावेसे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी लताबाईंनी स्वतःच मान वळवली. "लावा तुमची दांडी. नाहीतर जेवणार नाही तुम्ही."

त्यांनी पूर्ण एक मिनिट ऐकले आणि वहीत लिहिले. नाडी ७६. आवाज ०.