खाली बसून पाहिलेला खेळ

“आधी वरचा डबा उतरवा. उलटं केलंत तर कंबरडं मोडेल,” ऑपरेटरने हमालांना सांगितलं आणि पाना स्वतःच हातात घेतला.

थिएटर बांधताना प्रोजेक्टरची मशिनं आधी बसवली होती, केबिनची भिंत नंतर उभी राहिली. अख्खी ती दारातून निघणार नव्हती आणि ती खोलणार कोण, तर हाच. मशिनात उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जळायच्या तेव्हापासून तो इथे होता. कांड्या गेल्या, दिवे आले; चौतीस वर्षं गेली. अकरा वाजेपर्यंत दोन्ही मशिनं सुटी होऊन जमिनीवर पडली. कोपऱ्यात नवी पेटी गुणगुणत होती. तिला रीळ लागत नव्हतं.

मॅनेजर, वयाने त्याच्या मुलासारखा, दारात चुळबुळत उभा होता.

“काका, बटण दाबायला तिकीटवाला पुरेल, असं मालक म्हणतात. तुम्ही आता उद्यापासून...”

“कळलं.”

“वाईट वाटलं असेल तुम्हाला.”

ऑपरेटरने मनात चाचपून पाहिलं. दात काढण्याआधी सुई टोचली की हिरडी आपली राहत नाही, तसं झालं होतं.

“नाही,” तो म्हणाला.

“मग दुपारचा खेळ तरी खाली बसून बघा. काकूंनाही आणा.”

बायको ठेवणीतले कपडे घालून आली. “इतकी वर्षं शेजारणीबरोबर पाहिले पिक्चर. आज नवरा सापडला,” ती म्हणाली.

अंधार झाला. अठरा मिनिटांनी तो उभा राहिला. रीळ संपत आलं की दुसरं मशीन सुरू करायचं, हे पायांनाच पाठ होतं.

“काका, बसा की,” मागून आवाज आला.

बायकोने बाही ओढली. “कुठे निघालात?”

“कुठे नाही.”

पुन्हा अठरा मिनिटांनी तो उठला. तिसऱ्या वेळी बायकोने विचारलं नाही. मागे वळून हळूच म्हणाली, “पाय आखडतात हो त्यांचे.”

खेळ सुटला. बाहेर कडक ऊन होतं. दोघं भिंतीच्या सावलीतून चालू लागली.

“कसा होता?” तिने विचारलं.

“चित्र जराही थरथरलं नाही.”

 मग ती म्हणाली, “म्हणजे उद्यापासून दुपारी घरीच तुम्ही?”

“हो.”

“बरं. मग डबा नको भरायला. ताटातच वाढेन.”

त्याने मान हलवली. सावली संपली तिथे दोघं थांबली, आणि रस्ता ओलांडला.