आज्जीच्या हातातले किडे

अंबूबाईंनी शिऱ्याचा घास मंथनच्या ओठांपाशी नेला, तसं पोरानं तोंड घट्ट मिटलं आणि मान भिंतीकडे वळवली.

"आ कर रं राजा."

मंथननं मान हलवली. अमावास्या असल्यामुळे घरातले साड्या विणायचे दोन्ही यंत्रमाग बंद होते. एरवी वडगावच्या त्या गल्लीत शेजारी बसलेल्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. आज मात्र कुजबुजलेलंही सगळ्यांना ऐकू जात होतं. मागांची पूजा झाली होती, ऊद जळत होता, शेजारच्या यशोदाबाई आणि दोघी-तिघी बायका प्रसादासाठी बसल्या होत्या. नैवेद्याचा पहिला घास घरातल्या सगळ्यांत लहान पोराच्या तोंडी जायचा, तोही माग चालवणाऱ्याच्या हातानं, ही त्या घरची रीत. तोवर कुणी शिऱ्याला हात लावत नसे.

"आज्जीच्या हातानं नको," मंथन म्हणाला. "आज्जीच्या हातात किडं हाइत. पोटात जात्यात."

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की आणखी कशाला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. अंबूबाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मागाचं तेल आणि सुताचा रंग नखांत इतका मुरला होता, की साबणानं निघण्यातला नव्हता. त्यांनी घास ताटात ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं सून उभी होती. चार वर्षांचं पोर असलं काही स्वतःच्या डोक्यातून काढत नाही.

स्वरूपा पुढं झाली, तोच घास उचलून तिनं मंथनच्या तोंडात घातला. त्यानं तो मुकाट्यानं खाल्ला. चार बायकांदेखत अंबूबाईंचा याहून मोठा अपमान कुणाला करता आला नसता.

स्वरूपा मच्छेच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. सकाळची बस पकडली की संध्याकाळीच घरी. नवरा नागेंद्र उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, आज सुटीचा दिवस असूनही पाळीवर. पोर दिवसभर आजीकडे आणि आजी दोन मागांकडे. चालता माग सोडून उठावं, तर धागा तुटतो आणि साडीत खोट राहते. म्हणून पोर रडलं की अंबूबाई दुकानातलं तिखट-मिठाच्या चिप्सचं पाकीट फोडून द्यायच्या. पाकीट मिळालं की पोर गप्प. असं करता करता पोराचे पुढचे दात काळे पडले आणि वजन काही वाढेना. डॉक्टर बोलले ते स्वरूपाला. "आई आहात ना तुम्ही?" एवढंच म्हणाले, पण ते तिच्या फार जिव्हारी लागलं. घरी येऊन तिनं सासूला पाकिटं बंद करायला सांगितलं. सासू "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मागाखाली पुन्हा रिकामी पाकिटं सापडली.

चिडणं चुकीचं नव्हतं. पण चिडलेल्या माणसाला सोपी वाट लगेच सुचते. एका रात्री मंथनला थोपटताना तिनं त्याला आज्जीच्या हातातल्या किड्यांची गोष्ट सांगितली. मागाखालची पाकिटं खरंच थांबली. बसमधल्या मैत्रिणीला तिनं ते मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

बायका पांगल्या. अंबूबाईंनी दार लोटून घेतलं.

"तू शिकवलंस त्याला."

"पाकिटं बंद करा म्हणून किती डाव सांगितलं? ऐकलासा तुम्ही?"

"म्हणून माझ्या हातात किडं सोडलंस?"

"त्याचं दात बघा की. रात्री ठणका लागतोय तवा कोण उठतंय?"

"आणि दिवसभर कोण बघतंय? तुझी कंपनी?"

"ते काय बी असूंदे. पाकिटं सुटली न्हवं?"

"जेवण बी सुटलं," अंबूबाई म्हणाल्या.

स्वरूपा ताटं उचलता उचलता थांबली. "म्हंजे?"

"तू भाजी-भाकरी करून ठेवतीस, ती. भरवाय गेलं की तोंड फिरवतंय. आपल्या हातानं खा म्हटलं, तर 'वाढलंस तूच न्हवं?' म्हणतंय. आठवडा झाला, दुपारचं उपाशी हाय. तू आलीस की गपागपा खातंय आणि तू म्हणतीस, बघा, कसा जेवाय लागलाय."

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, म्हातारी पोराला उपाशी मारतीया."

म्हणालीच असती. स्वरूपाला ते कळत होतं. पोराचं वजन वाढावं म्हणून आपण हे केलं आणि पोर आठवडाभर दुपारचं उपाशी राहिलं.

दुपारी तिनं भाकरी, मेथीची भाजी आणि काकडीची कोशिंबीर वाढली. मंथनला समोर बसवलं आणि स्वतः सासूपुढं मांडी घातली.

"आत्याबाई, मला घास घाला."

"काय?"

"त्याच्या म्होरं. तुमच्या हातानं."

अंबूबाईंना कळलं. पण सोपं करून द्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी भाकरीचा भलामोठा तुकडा मोडला, त्यात भाजी आणि ठेचा भरला आणि सुनेच्या तोंडात कोंबला. ठेचा फारच जास्त होता आणि तो चुकून पडला नव्हता. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूच्या हातचा तो पहिला घास. स्वरूपानं डोळ्यांतलं पाणी न पुसता तो चावून गिळला.

मंथन तिच्या पोटाकडे बघत होता.

"किडं गेलं आत?"

"न्हाय. आज्जीच्या हातात किडं न्हाइतच."

"तूच म्हणालीस, हाइत."

"खोटं सांगितलं मी."

सासूच्या देखत हे बोलताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंथननं जरा विचार केला.

"मग पाकिटानं दात किडत्यात, ते बी खोटं?"

"न्हाय रं, ते खरं हाय."

"तूच आत्ता म्हणालीस, खोटं सांगितलंस."

"ते येगळं. ते..."

त्यानं पुढचं ऐकलंच नाही. तो वळून बसला. "आज्जी, खरं का खोटं?"

म्हातारीनं एक शब्द उच्चारला की उद्यापासून पाकिटं सुरू, आणि तो शब्द उच्चारायला म्हातारीला आजच्याएवढं चांगलं कारण पुन्हा मिळणार नव्हतं. अंबूबाईंनी घाई केली नाही. भाकरीचा लहानसा तुकडा मोडला, त्यात ठेच्याशिवाय भाजी घेतली. सुनेकडे एकदा नीट पाहून घेतलं. त्या पाहण्यात माफी नव्हती.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "पाकिटानंच किडल्यात. आ कर आता."

मंथननं तोंड उघडलं. एक घास खाल्ला, मग दुसरा, मग कोशिंबिरीकडे बोट दाखवलं. स्वरूपाचा जीव भांड्यात पडला. तिनं पाण्याचा पेला त्याच्यापुढं सरकवला.

"भाकरी कोरडी हाय बाळा. मधी पाणी पी."

मंथननं पेल्याकडे पाहिलं, मग आजीकडे.

"आज्जी, पिऊ?"

अंबूबाईंनी मान डोलावली, तेव्हा त्यानं पेला उचलला.