उन्हातली राखण

शेडात खाली बसलेली शिवानी गुडघ्यावर हात रेटून उठली, आणि पिशव्या मोजणाऱ्या गेनबाचा आकडा चुकला.

रत्ना अशीच उठायची.

विंझर गावाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, आणि घराला लागून मशरूमचं शेड. आत पेंढा भरलेल्या पिशव्या दोरीला टांगलेल्या, भिंतींना ओली गोणपाटं. ऊन आत येऊ द्यायचं नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम. शेड होण्याआधी गेनबाची बायको रत्ना लावणीला, गवताला, गुरांमागं रानात असायची. शेड झालं आणि ती आत गेली. उजाडायच्या आत शिरायची, बाहेर यायची ती थेट चुलीपाशी. गळ्यात माळ, त्यामुळे अंडं नाही, मासळी नाही. मग तिच्या मांड्या ठणकू लागल्या. वात असेल म्हणून गेनबानं तेल आणून दिलं. ती डुलत चालायला लागली तेव्हा तो हसला होता. "बदक पाळलंय म्या," म्हणाला होता. तीही हसली होती.

शिवानी ही त्यांची सून, अमृतची बायको. भोरची, तिथल्याच कॉलेजात शिकलेली. सासूला भोरच्या डॉक्टरकडं तिनंच नेलं. हाडं मऊ पडलीत, डी व्हिटॅमिन अंगात नावालाही नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या आणि रोज उन्हात बसायला सांगितलं.

घरी आल्यावर शिवानी म्हणाली, "आत्या, आपल्या मशरूममध्ये अर्गोस्टेरॉल नावाचं एक द्रव्य असतं. त्याच्यावर ऊन पडलं की त्याचं डी व्हिटॅमिन होतं. अंधारात ते तसंच पडून राहतं."

"म्हंजी ते बी माज्यावानीच की," रत्ना म्हणाली.

"उनात टाकली तर पिवळी पडत्याल," गेनबा म्हणाला. "पुण्याच्या गिऱ्हाइकाला पांढरी लागती." विषय तिथंच संपला.

रत्ना गोळ्या घ्यायची, पण उन्हात बसेना. एकदा गेनबानं तिला जबरदस्तीनं अंगणात बसवलं, तर समोरच्या धोंडाबाईनं लगेच हटकलं, "काय गं रत्ने, म्हाराणी झालीस जणू! सून राबती आन् तू शेकत बसलीस व्हय?"

रत्ना उठली ती शेडात गेली. परत कधी अंगणात बसली नाही. शेडातच पिशवी उतरवताना तोल गेला आणि मांडीचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळली, छातीत कफ भरला, आणि शिमग्याच्या आधी गेली.

तिच्या जागी शिवानी शेडात शिरली. आता तिला दिवस गेले होते.

"पोरी, मांड्या दुकत्यात का?" गेनबानं विचारलं.

"नाही मामा. वाकून वाकून जरा होतं तसं."

रत्नाही हेच म्हणायची.

"डॉक्टरला दावून ये. आन् उनात बसत जा."

"बसते की," ती म्हणाली आणि गोणपाटांवर पाणी मारायला वळली. ती बसणार नाही, हे गेनबाला दिसत होतं. धोंडाबाईच्या डोळ्यांदेखत कुठली सून रिकामी बसेल? रत्नाला तरी कुठं जमलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृत भोरला गेला. गेनबानं अंगणात बाज टाकली, तिच्यावर धुतलेलं लुगडं पसरलं. रत्नाचंच होतं. काढून ठेवलेला सगळा माल शेडातून आणून त्यानं त्यावर ओतला, आणि छत्रीखालची, पातळ पापुद्र्यांची बाजू आभाळाकडं करून एकेक मशरूम मांडलं.

अमृत आला आणि गाडीवरून उतरता उतरताच ओरडला, "आबा, येड लागलं का? टेम्पो येतोय! ह्यो पिवळा माल कोण घेनार?"

"कोन न्हाई."

"मग?"

"घरात खाऊ. हिला चारू." गेनबानं शेडाकडं तोंड करून हाक मारली, "शिवानी! काठी घेऊन हितं बस. कोंबड्या इस्कटत्याल."

शिवानी आली. एकदा बाजेकडं, एकदा सासऱ्याकडं पाहिलं आणि काठी घेऊन पाटावर बसली.

धोंडाबाई दारात आलीच. "काय गं, आज उनात?"

"वाळवण राखतीय, काकू."

"राख बाई. कावळं लई माजल्यात," धोंडाबाई म्हणाली आणि आत गेली.

गेनबा उभाच राहिला. एवढंच होतं. कुरडयांच्या दिवसांत रत्ना अशी काठी घेऊन दिवस दिवस उन्हात बसायची, कुणी कधी हटकलं नव्हतं. तिच्यापुढं एक सूप जरी वाळत टाकलं असतं तरी ती बसली असती.

शिवानीनं ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतली होती, हात तिच्यातच गुंडाळले होते. सासरा समोर होता ना.

"पोरी, ती ओढणी काढ. हातांवर ऊन पडू दे."

ती गोंधळली. तिचा हात ओढणीवरच राहिला.

गेनबा शेडात गेला, दार ओढून घेतलं आणि अंगणाकडं पाठ करून अंधारात बसला.