या बाजात ते सूर नाहीत

मी संशयी बाई नाही हो. श्रीकांत म्हणतो तसं, पण त्याचं काय, माझा नवरा समोरचा बोलेल ते खरं धरून चालतो. म्हणून कुणीतरी डोळे उघडे ठेवायला नकोत?

संहितासाठी स्थळ आलं होतं. माझी धाकटी बहीण पुण्यात, मुलगा इथे हॉलंडात डेल्फ्टला, आणि आम्ही त्याच ट्रॅमच्या वाटेवर, जवळच रायस्वाइकला. बाबांनी फोनवर सांगून टाकलं, "पद्मजा, तू म्हणशील तसं." झालं! बहिणीच्या जन्माचा प्रश्न माझ्या गळ्यात.

मुलगा, ऋषभ, मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, पण आठवड्याला चारच दिवस कामावर. उरलेला दिवस म्हणे माउथ ऑर्गनचा. ब्लूज नावाचं अमेरिकन संगीत वाजवतो, इथल्या कॅफेंतून, कधी बेल्जियममध्येसुद्धा.

"कंपनीनं अर्धवट काढलंय त्याला," मी म्हटलं.

"अगं, डच लोक मागून घेतात चार दिवस," श्रीकांत म्हणाला.

"डच घेतात. पुण्याचे कशाला कमी पगार मागतील?"

त्याला पोह्यांना बोलावलं. मुलगा अबोल, नम्र. मी विचारलं तेव्हा बोलला. कॉलेजात असताना नाद लागला, इथे आल्यावर एका म्हाताऱ्या डच वादकाच्या मागे फिरला, त्याचे स्पीकर उचलले, आणि म्हातारा आजारी पडला त्या दिवशी त्याच्या जागी उभा राहिला. तेव्हापासून वाजवतोय. गोष्ट फारच छान होती, म्हणूनच मला पटेना.

"वाजवा की मग," मी म्हटलं आणि एक जुनं सिनेमाचं गाणं सांगितलं. आपल्याकडे गल्लीतली पोरंही वाजवतात ते.

त्यानं खिशातून बोटाएवढा बाजा काढला, दोन ओळी वाजवल्या आणि थांबला. "पद्मजाताई, या बाजात ते सूर नाहीत. त्याला बटणाचा मोठा लागतो."

"सूर नाहीत? मग घेताना बघून नाही घेतलात?"

तो नुसता हसला. मी लग्नाआधी दहा वर्षं गाणं शिकलेय, मला काय शेंड्या लावतोस! तो गेल्यावर श्रीकांतला म्हटलं, "सगळ्या थापा. रविवारी त्या कॅफेत जाऊन बघतेच."

गेले. दुपारची वेळ, गर्दी कोंडलेली, आणि दारावर त्याच्या नावाचा कागद. कागद काय, कुणीही छापतं. एका खांबाआड उभी राहिले.

मग त्यानं बाजा ओठांना लावला. फुंकत नव्हता, श्वास आत ओढत होता, आणि ओढता ओढता सूर वाकवत होता. कोमल गंधार म्हणावा तर तो नाही, शुद्ध म्हणावा तर तोही नाही, मधेच कुठेतरी दुखऱ्या जागी नेऊन ठेवला त्यानं. बाजात नसलेला सूर होता तो. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. असा राग आला मला त्या मेल्याचा!

त्यानं मला पाहिलंच. मधल्या सुट्टीत पुदिन्याचा चहा घेऊन समोर आला. आता मला वेगळीच धास्ती. हा खरा निघाला, म्हणजे माझी बहीण संध्याकाळी एकटी बसणार.

"लग्नानंतर हे सोडाल का?" मी सरळ विचारलं.

हो म्हणायला काय जात होतं त्याचं? कुणीही म्हटलं असतं.

"नाही सोडणार," तो म्हणाला. "चहा गार होतोय, ताई."

घरी आल्या आल्या संहिताला फोन लावला. श्रीकांत सोफ्यावर पेपर वाचत होता.

"वाजवतो गं. फार सुंदर वाजवतो. पण सोडशील का विचारलं, तर तोंडावर नाही म्हणाला!"

"मलाही पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तेच म्हणाला."

"आणि तुला चाललं?"

"ताई, तुला बघायला आले तेव्हा आईनं विचारलं होतं, गाणं चालू ठेवू द्याल ना हिला? भाऊजी लगेच हो म्हणाले होते. तुझा तंबोरा अजून इथेच आहे, माझ्या खोलीत. गवसणीत."

मी सोफ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतेय संहिता?" श्रीकांतनं पेपरातून मान वर न करता विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि फोनमध्ये तिला सांगितलं, "बाबांना सांग, माझा होकार आहे. आणि येताना तंबोरा घेऊन ये."